गोळ्या चालू आहेत, मग डोळ्यांत थेंब कशाला?

पत्र

घोडबंदर रोडला राहणाऱ्या एका आईचं पत्र आलं आहे. ओळख पटेल असे तपशील गाळून थोडक्यात देते. मुलगी नऊ वर्षांची, चौथीत. दीड वर्षाची असताना सिस्टिनोसिसचं, म्हणजे पेशींमध्ये सिस्टीन साठत जाण्याच्या जन्मजात आजाराचं, निदान झालं. मूत्रपिंडासाठीची औषधं, क्षार, दर सहा तासांनी सिस्टिअमीनच्या (साठलेलं सिस्टीन बाहेर काढणाऱ्या औषधाच्या) कॅप्सूल आणि त्यासाठी रात्री दोनचा गजर, हे सगळं घराच्या अंगवळणी पडलं आहे. रिपोर्ट बरे येतात. वर्षभरात मात्र तिला उजेड सोसेनासा झाला आहे. दिवसा घरातले पडदे ओढलेले असतात आणि अंधार पडल्याशिवाय ती सोसायटीत खाली उतरत नाही.

डोळ्यांच्या डॉक्टरांनी जागेपणी दर तासाला घालायचे सिस्टिअमीनचेच थेंब दिले. ते मुंबईतल्या एका हॉस्पिटलच्या फार्मसीत बनवून मिळतात. सारखं जाणं जमत नाही, म्हणून एक बाटली तीन आठवडे पुरवली जाते. चार महिने झाले, फरक नाही. मुलगी रडते, पळते, म्हणते, "झोंबतं. आई, तू घालून बघ एकदा." वर्गातल्या बाईंच्या मते हे नाटक आहे, कारण तपासणीत नजर ६/६ आली आहे. सासूबाई म्हणतात, "पोटात औषध जातंय ना, मग पोरीला किती छळायचं?" नवऱ्याची ऐरोलीला नोकरी, सकाळी आठला बाहेर. आईने स्वतःची बँकेतली नोकरी सोडली आहे.

त्या विचारतात: खरं दुखणं मूत्रपिंडाचंच ना, मग थेंब काही वर्षं थांबवले तर चालतील का? की शाळा सोडवून तिला घरी ठेवू, म्हणजे दर तासाला थेंब घालता येतील? आणि अगदी शेवटी एक ओळ: धाकटा मुलगा आठ महिन्यांचा आहे, त्याच्या तपासण्या करायचा धीर झालेला नाही.

उत्तर

ताई,

दोन्ही प्रश्नांची उत्तरं आधी देऊन टाकते. थेंब थांबवू नका आणि शाळा सोडवू नका. पण आत्ता चाललंय तसंच रेटा, असंही मी म्हणणार नाही. आत्ता जे चाललंय त्यात काहीतरी चुकतंय, आणि माझ्या मते ते तुमच्या लेकीत नाही. धाकट्याबद्दलच्या ओळीकडे मी शेवटी येते, पण करायला घ्याल तेव्हा ते काम सगळ्यात आधी घ्या.

सासूबाईंपासून सुरुवात करू, कारण त्यांचा प्रश्न रास्त आहे. नातीच्या तोंडात दिवसरात्र औषध कोंबलं जाताना त्या बघतात, वर डोळ्यांतही काहीतरी घालायचं, तेही दर तासाला. कुठल्या आजीचा जीव तुटणार नाही? त्यांना गप्प करण्यापेक्षा कारण समजावून सांगा.

आपल्या पेशींमध्ये लायसोसोम नावाचे बारीक कप्पे असतात. तिथे प्रथिनं मोडली जातात आणि त्यातून सिस्टीन नावाचं अमिनो आम्ल सुटं होतं. ते कप्प्याबाहेर नेण्याचं काम सिस्टिनोसिन हे प्रथिन करतं. तुमच्या लेकीत हे प्रथिन तयार करणाऱ्या जनुकात, सीटीएनएसमध्ये, दोष आहे. त्यामुळे सिस्टीन आतच साठतं आणि त्याचे स्फटिक होतात. हा आजार साधारण एक ते दोन लाख जन्मांमागे एका बाळाला होतो. मूत्रपिंडाचा त्रास सगळ्यात आधी दिसतो, म्हणून घरोघरी हा 'किडनीचा आजार' होऊन बसतो. साठा मात्र सगळ्या शरीरात होत असतो, थायरॉईडमध्ये, स्नायूंमध्ये आणि डोळ्यांतही. याचा एक पुरावा असा, की उद्या कुणाचं मूत्रपिंड बदललं तर नव्या मूत्रपिंडात हा आजार पुन्हा होत नाही, कारण त्या पेशी दात्याच्या असतात. डोळ्यांतले स्फटिक मात्र वाढतच राहतात.

आता कॅप्सूलचं. पोटात गेलेलं औषध रक्तातून फिरतं. कॉर्निया, म्हणजे बुबुळासमोरचा पारदर्शक पडदा, याला रक्तवाहिन्याच नसतात. असत्या तर तो पारदर्शक राहिलाच नसता. त्यामुळे कॅप्सूल कितीही नियमित घेतल्या तरी कॉर्नियातले स्फटिक विरघळतील इतकं औषध तिथे पोचत नाही. १९८७ साली अमेरिकेतल्या डॉक्टरांनी दोन लहान मुलांच्या एका डोळ्यात सिस्टिअमीनचे थेंब घातले आणि दुसऱ्यात नुसतं सलाईन. काही महिन्यांत औषध घातलेला डोळा निवळू लागला, दुसरा होता तसाच राहिला. थेंब लागतात ते यासाठी. आणि ज्या कॅप्सूल आज कॉर्नियाला उपयोगी पडत नाहीत, त्याच डोळ्याच्या मागच्या पडद्याला, रेटिनाला जपतात. दोन्ही औषधं आपापल्या जागी हवीत.

हे नुसतं सांगण्यापेक्षा दाखवता आलं तर फार बरं. पुढच्या भेटीत डॉक्टरांना स्लिट लॅम्पवर (डोळे तपासायच्या सूक्ष्मदर्शकावर) फोटो काढून द्यायची विनंती करा. बारीक, तिरका प्रकाशझोत टाकला की कॉर्नियात सुईसारखे चमचमणारे कण स्वच्छ दिसतात. मी लहान मुलांच्याच डोळ्यांची डॉक्टर आहे, आणि माझा अनुभव असा की असा एक फोटो आजी-आजोबांना माझ्या तासाभराच्या बोलण्यापेक्षा जास्त सांगून जातो. लेकीलाही दाखवा. नऊ वर्षांच्या मुलीला आपल्या डोळ्यात काय आहे हे बघण्याचा हक्क आहे, आणि थेंब कशाशी लढतायत ते तिला एकदा कळलं की गोष्ट बदलते. सहा महिन्यांनी दुसरा फोटो काढून शेजारी ठेवा.

आता ६/६. या आकड्याने पुष्कळ आईवडील आणि शिक्षक फसतात. तपासणीच्या खोलीत पांढऱ्या तक्त्यावरची ठळक काळी अक्षरं वाचता येणं एवढंच तो सांगतो. सिस्टिनोसिसच्या मुलांना लहानपणी अक्षरं छान वाचता येतात. त्रास उजेडाचा असतो. ओरखडे पडलेल्या हेल्मेटच्या काचेतून रात्री घोडबंदर रोडला समोरच्या गाड्यांचे दिवे कसे फाकतात, ते तुमच्या यजमानांना विचारा. त्याच काचेतून दिवसा रस्ता नीट दिसतो. लेकीच्या कॉर्नियातले स्फटिक प्रकाश असाच विखुरतात. तिला ऊन डोळ्यांत घुसतं, दुखतं, पापण्या आपोआप आवळल्या जातात. ती फळा वाचते हेही खरं आणि डोळे मिटून बसते हेही खरं. बाईंना यातलं एकच खरं वाटतंय.

थेंब थांबवले तर काय होईल, तेही सरळ सांगते. स्फटिक कॉर्नियाच्या कडेकडून मध्याकडे आणि वरच्या थरातून आत सरकत जातात. उपचार नसेल तर पुढे कॉर्नियाचा पृष्ठभाग खरबरीत होतो, त्याची सालं निघतात, सकाळी डोळा उघडताना सुरी फिरल्यासारखं दुखतं. आणखी काही वर्षांनी पांढरट पट्टा येणं, काचबिंदू, नजर मंदावणं, इथपर्यंत मजल जाऊ शकते. मोठी झाल्यावर पुन्हा सुरू करू म्हटलं तर तेव्हाही औषध काम करतं, पण तोवर शाळेची सगळी वर्षं ती पडद्याआड काढेल. ती किंमत मला मोठी वाटते.

मग चार महिन्यांत फरक का नाही?

तुमच्या पत्रातल्या ज्या एका वाक्यावर मी थबकले, ते बाटली तीन आठवडे पुरवण्याचं. सिस्टिअमीन फार नाजूक औषध आहे. पाण्यात मिसळून ठेवलं की हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग पावून त्याचं सिस्टामीन होतं, आणि ते डोळ्यात काही कामाचं नसतं. उष्णतेत हे आणखी भराभर होतं. परदेशात कंपनीचे जे पातळ थेंब मिळतात त्यांची बाटली वापरेपर्यंत फ्रीझरमध्ये ठेवावी लागते, आणि एकदा वितळली की एका आठवड्यात, उरली असली तरी, टाकून द्यायची असते. पुन्हा गोठवायचीही नसते. तुमची बाटली फार्मसीत बनवलेली आहे, तेव्हा तिची मुदत फार्मासिस्टनी सांगितलेलीच धरायची. पण तीन आठवडे, त्यातही ठाण्याचा एप्रिल-मे आणि शाळेच्या दप्तरातली ने-आण, एवढं ती बाटली टिकत असेल असं मला वाटत नाही. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात लेक झोंबणं सोसत होती आणि बदल्यात फारसं काही मिळत नव्हतं, असं झालेलं असू शकतं. हा दोष तुमचा नाही. मुदत बाटलीवर ठळक लिहिलेली नसली आणि तोंडीही कुणी सांगितली नसली तर तुम्हाला कळणार कसं?

म्हणून उद्याच फार्मसीला फोन करा आणि नीट विचारा: बनवल्या दिवसापासून किती दिवस चालते, फ्रीझरमध्ये ठेवायची की खालच्या कप्प्यात, उघडल्यावर किती दिवस, आणि एका वेळी छोट्या छोट्या चार बाटल्या बनवून गोठवून देता येतील का. याचं उत्तर 'हो' आलं तर महिन्यातून एक फेरी पुरेल. आणताना बर्फाच्या पॅकची पेटी न्या. ठाण्याहून परळ-दादरकडची लोकल आणि वर रिक्षा एवढ्या प्रवासात साधी पिशवी पुरत नाही. घरी आल्यावर प्रत्येक बाटलीवर उघडल्याची तारीख मार्करने लिहा. आठवड्यातला एक ठरावीक वार 'नवी बाटली' म्हणून धरा, जुनीत औषध दिसत असलं तरी.

झोंबण्याचंही बघू. ती खरं बोलतेय. सिस्टिअमीनचे थेंब झोंबतात, डोळे लाल होतात, थोडा वेळ धूसर दिसतं. (तुम्ही मात्र ते स्वतःच्या डोळ्यांत घालून बघू नका.) पण झोंबणं हल्ली वाढलं असेल तर ती तक्रार लक्षण समजा. कॉर्नियाचा पृष्ठभाग सोलवटला असला किंवा डोळे कोरडे पडले असले की तोच थेंब जास्त चावतो. डॉक्टर पिवळ्या-केशरी रंगाचा थेंब टाकून निळ्या प्रकाशात हे मिनिटभरात तपासतात. तसं काही आढळलं तर प्रिझर्व्हेटिव्ह नसलेले कृत्रिम अश्रू देतात. त्यांच्या आणि औषधाच्या थेंबात दहा मिनिटांचं अंतर ठेवा, नाहीतर एकामुळे दुसरा वाहून जातो.

घालायची पद्धतही बदलून पाहा. पळणाऱ्या मुलीला धरून, पापण्या फाकवून थेंब घालणं दिवसातून बारा वेळा शक्य नाही आणि ते करूही नये. तिला उताणं झोपू द्या, डोळे मिटलेले. नाकाकडच्या कोपऱ्यात मिटल्या पापण्यांवर एक थेंब ठेवा आणि मग तिला सावकाश डोळा उघडू द्या. थेंब आपोआप आत उतरतो. नंतर तोच कोपरा बोटाने हलकेच मिनिटभर दाबून ठेवायचा, म्हणजे औषध नाकात-घशात उतरत नाही आणि ती घाण चवही लागत नाही. आधी कुठला डोळा, बसून की झोपून, कुठल्या गाण्यावर, हे तिने ठरवायचं. घालायचे की नाही हे मात्र तिच्यावर सोडू नका. या वयाची पुष्कळ मुलं आरशासमोर स्वतःचे थेंब स्वतः घालायला शिकतात. सुरुवातीला निम्मे गालावर जातील, जाऊ द्या. त्यासाठी कृत्रिम अश्रूंच्या थेंबांवर सराव करून घ्या.

'दर तासाला' या दोन शब्दांनी तुमचा जीव घेतलाय. एक हुकला की सगळा दिवस वाया, असं तुमच्या पत्रात जाणवतं. तसं नसतं. जास्त थेंब म्हणजे जास्त परिणाम हे खरं, पण मधले दोन तास हुकले म्हणून बाकीचे फुकट जात नाहीत. तुमच्या दिवसाचाच हिशोब मांडू. सकाळची शाळा आहे असं लिहिलंय. निघण्याआधी एक. शाळेत लहान सुट्टीत एक, मोठ्या सुट्टीत एक. घरी आल्यावर एकपासून रात्री नऊपर्यंत तासातासाला. दहा-बारा थेंब होतात, तेही शाळा न सोडता. रविवारी आणि सुट्टीत आणखी दोन-तीन. हा तक्ता डॉक्टरांपुढे ठेवा आणि सांगा, "आमच्याकडून एवढं नक्की होईल." कागदावर पंधरा आणि प्रत्यक्षात चार, यापेक्षा खरोखर पडणारे अकरा थेंब कोणताही समजूतदार डॉक्टर पसंत करेल.

घट्ट जेलसारखे थेंबही आहेत, सिस्टाड्रॉप्स नावाचे. ते डोळ्यात जास्त वेळ राहतात म्हणून दिवसातून चारदाच पुरतात. युरोपात २०१७ पासून आणि अमेरिकेत २०२० पासून त्यांना मान्यता आहे. शाळेत जाणाऱ्या मुलीसाठी चार आणि बारा यात केवढा फरक पडतो हे मी तुम्हाला सांगायला नको. ते बाहेरून मागवावे लागतात आणि महाग आहेत. रुग्णाच्या स्वतःच्या वापरासाठी औषध आणायचं तर केंद्रीय औषध नियंत्रण खात्याकडे फॉर्म १२-ए भरून १२-बी हा परवाना घ्यावा लागतो, त्याला डॉक्टरांची चिठ्ठी लागते. राष्ट्रीय दुर्मीळ आजार धोरणाच्या यादीतल्या आजारांसाठी वैयक्तिक वापराकरता आणलेल्या औषधांवरचं मूळ आयात शुल्क १ एप्रिल २०२३ पासून माफ आहे, पण त्यासाठी जिल्हा शल्यचिकित्सकांसारख्या अधिकाऱ्याचा दाखला लागतो. ठाण्यात त्याची चौकशी सिव्हिल हॉस्पिटलमध्ये करायची. २०२१ च्या त्याच धोरणाखाली परळचं केईएम रुग्णालय हे उत्कृष्टता केंद्र आहे आणि अशा केंद्रांमार्फत एका रुग्णाला ५० लाख रुपयांपर्यंत मदत मिळू शकते. तुमची लेक तिथे नोंदवलेली नसेल तर नोंदवा. कोणता आजार, कोणतं औषध कोणत्या गटात बसतं, हे तिथल्या समन्वयकांना समोर बसून विचारा. जाताना निदानाचा रिपोर्ट, जनुक तपासणी झाली असेल तर ती आणि डोळ्यांचे फोटो, सगळ्याच्या दोन-दोन प्रती न्या. तोवर पातळ थेंब चालू ठेवा. जेलची वाट बघत ते बंद करू नका.

शाळा. घरी ठेवलं तर थेंब जास्त पडतील, मान्य. पण दिवसभर ओढलेले पडदे, तुम्ही, बाटली आणि घड्याळ, एवढ्यावर तिचं जग येऊन थांबेल. तुम्हीही त्या खोलीत तिच्यासोबत अडकाल. उजेडाची आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. सतत अंधारात राहिलं, घरातही काळा चष्मा घातला, की डोळे अंधाराला सरावतात आणि साधा दिवसाचा प्रकाशही जास्त टोचतो. तेव्हा घरात पडदे अर्धे उघडा, ऊन थेट येत असेल तिथे पातळ पांढरा पडदा लावा. गडद चष्मा आणि पुढे छज्जा असलेली टोपी बाहेर वापरायची, आणि बाहेर ती जायला हवी. संध्याकाळी सहानंतर उपवनला किंवा तलावपाळीला चक्कर मारा. अंधार पडायची वाट बघायची गरज नाही, कलतं ऊन पाठीवर घेऊन चालायचं.

वर्गातल्या बाई वाईट नाहीत, त्यांना कुणी सांगितलेलं नाही. तोंडी सांगून भागणार नाही. डॉक्टरांच्या लेटरहेडवर मुख्याध्यापकांच्या नावे पत्र घ्या. त्यात साधारण असं असावं:

"ही विद्यार्थिनी सिस्टिनोसिस या जन्मजात आजाराची रुग्ण आहे. तिच्या कॉर्नियात स्फटिक साठल्यामुळे तीव्र उजेडात तिच्या डोळ्यांत वेदना होतात. दृष्टी तपासणीत नजर चांगली आली तरी हा त्रास खरा आहे. तिला खिडकीकडे तोंड येणार नाही अशी जागा द्यावी. मैदानावर टोपी व गडद चष्मा वापरू द्यावा. दोन्ही सुट्ट्यांत डोळ्यांत थेंब घालण्यासाठी शांत जागा व एका मोठ्या व्यक्तीची मदत मिळावी. आजारामुळे तिला वारंवार पाणी प्यावे लागते व लघवीला जावे लागते, त्यास परवानगी असावी."

शेवटचं वाक्य मुद्दाम घातलंय. सिस्टिनोसिसच्या मुलांची तहान आणि लघवी शाळेला माहीत नसली की तिथेही 'बहाणे' सुरू होतात. थेंब घालायला शाळेतल्या मावशी सगळ्यात उपयोगी. त्यांना एकदा घरी चहाला बोलवा आणि लेकीनेच त्यांना दाखवू दे कसं घालायचं. इन्सुलिन नेण्यासाठी केमिस्टकडे मिळते ती थंड राहणारी छोटी पिशवी दप्तरात चालते, तिच्यातला जेलपॅक रोज बदलायचा. मुख्य बाटली शाळेत पाठवू नका, छोटी वेगळी पाठवा.

घरातल्या वाटणीबद्दल थोडं. सगळं तुम्ही करता म्हणून सगळा राग तुमच्या वाट्याला येतो. तुम्ही आई आहात, तुम्हाला दिवसभर 'झोंबणारी बाई' करून ठेवणं योग्य नाही. नवऱ्याकडे सकाळचा आणि रात्री आठ-नऊचे थेंब द्या, आणि बाटल्या आणायची महिन्याची फेरीही. ऑफिस ऐरोलीला असो की आणखी कुठे, हे जमतं. सासूबाईंनी फोटो पाहिला की त्यांना दुपारचे दोन द्या, त्या करतील. फक्त एक पाळायला सांगा: डोळ्यात गुलाबपाणी, मध, तूप काहीही नको. आणि डोळे लाल दिसले म्हणून कोपऱ्यावरच्या केमिस्टकडून थेंब आणायचे नाहीत. त्यातल्या अनेकांत स्टेरॉइड असतं. त्याने लाली उतरते आणि डोळ्याचा दाब वाढतो, हे महिनोन्महिने कुणाच्या लक्षातही येत नाही.

कधी धावायचं? अचानक तीव्र दुखणं, पाण्याची धार, डोळा उघडताच न येणं: त्याच दिवशी डॉक्टरांकडे. सतत डोकेदुखी, मळमळ, एकाचे दोन दिसणं, डोळा हलवताना मागे दुखणं: त्याच दिवशी, आणि डोळ्यांच्या डॉक्टरांसोबत तिच्या मूत्रपिंडाच्या डॉक्टरांनाही कळवा. सिस्टिअमीन घेणाऱ्या काही मुलांत मेंदूभोवतीचा दाब वाढल्याचं आढळलेलं आहे आणि तो डोळ्याच्या मागच्या भागावर दिसतो. याखेरीज बाहुल्या मोठ्या करून रेटिनाची तपासणी वर्षातून किमान एकदा व्हायलाच हवी. रेटिनासाठी कॅप्सूलची वेळ पाळणं हाच उपाय आहे, रात्री दोनचा गजरही त्यासाठीच. बारा तासांनी घ्यायच्या, सावकाश विरघळणाऱ्या कॅप्सूलही असतात. केईएमला जाल तेव्हा त्यांचंही विचारा.

ताज्या बाटल्या, खरोखर जमणारा तक्ता आणि शाळेची साथ, एवढं जुळल्यावर उजेडाचा त्रास काही आठवड्यांत, फार तर काही महिन्यांत कमी होऊ लागतो. स्फटिक दिसेनासे व्हायला त्याहून बराच काळ जातो. त्रास कमी झाला म्हणून थेंब बंद केले तर स्फटिक परत येतात, हे लेकीला आधीच सांगून ठेवा.

आता धाकटा. आठ महिने हे वय या आजारात फार मोलाचं आहे. तुम्ही दोघंही या जनुकाचे वाहक आहात, म्हणून प्रत्येक बाळाला आजार असण्याची शक्यता चारात एक असते. त्याला नसण्याची शक्यता तीन पट जास्त आहे, हेही तेवढंच खरं. नुसते डोळे तपासून घेऊन निर्धास्त होऊ नका. कॉर्नियातले स्फटिक बहुधा वर्ष-दीड वर्षाच्या सुमाराला दिसू लागतात, त्यामुळे आज स्लिट लॅम्पवर काही दिसलं नाही तरी त्याने काही सिद्ध होत नाही. पांढऱ्या पेशींमधल्या सिस्टीनची रक्ततपासणी हवी. बहिणीच्या जनुकातला दोष माहीत असेल तर तोच त्याच्यात आहे का, हेही थेट पाहता येतं. तो खूप पाणी पितो का, लंगोट वारंवार जड होतात का, वजन अडकलंय का, हे टिपून ठेवा, पण ही लक्षणं दिसायची वाट बघू नका. उपचार नसेल तर या आजारात दहाव्या वर्षाच्या आसपास मूत्रपिंडं निकामी होतात, आणि औषध जितकं लवकर सुरू होईल तितकी ती पुढची वर्षं टिकतात. तुमच्या लेकीचं निदान दीड वर्षाला झालं, त्याचं आठव्या महिन्यात होऊ शकतं. या आठवड्यात तिच्या मूत्रपिंडाच्या डॉक्टरांना फोन करा, आणि तिला दाखवायला न्याल त्याच दिवशी त्यालाही न्या. यजमानांना त्या दिवशी रजा टाकायला सांगा.